सोळा जणांची ग्रेव्ही: नाताळच्या जेवणात जग रिकामा होऊ नये म्हणून

आमच्या घरी पहिल्यांदा नाताळचं जेवण केलं, तेव्हा ग्रेव्हीचा जग नवव्या माणसापाशी रिकामा झाला. टेबलावर सोळा जण होते. दहावी माझी जाऊ. तिने जग आडवा करून दोन थेंब पाडले आणि काही न बोलता पुढे सरकवला. माझं सासर इंग्लंडातल्या यॉर्कशायरचं. तिथली माणसं जेवताना तक्रार करत नाहीत, पण सगळे एकदम गप्प झाले की समजायचं ते समजतं. मी कोल्हापूरची. रस्सा कमी पडलेली पंगत कशी दिसते हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

त्यानंतरचा प्रत्येक नाताळ माझ्याकडेच झाला, आणि आता ग्रेव्ही उरते. परदेशात ज्यांच्या घरी सासरची सगळी मंडळी एका टेबलाशी बसतात, किंवा चार मराठी कुटुंबं मिळून टर्कीचा घाट घालतात, त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहिते आहे. प्रमाण सोळा जणांचं आहे, पण गणित कळलं की आठ जणांनाही लावता येईल.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे हॉटेलात ग्रेव्ही म्हणजे कांदा, टोमॅटो, काजूचं वाटण. इंग्लिश ग्रेव्ही त्याच्या जवळपासही नाही. भाजलेल्या मांसाचा उतरलेला रस, हाडांचं पाणी आणि दाटपणाला थोडा मैदा, एवढंच. कोल्हापूर-सोलापूरकडच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर मटणाचं अळणी, फक्त हाडं आधी खरपूस भाजलेली आणि पीठ लावलेलं. टर्कीचं मांस कोरडं, भाजलेले बटाटे कोरडे, स्टफिंग, म्हणजे टर्कीत भरायचं सारण, तेही कोरडं. ते घशाखाली उतरतं ते या पातळ तपकिरी रश्श्यामुळे. शिवाय यॉर्कशायर पुडिंग नावाचं प्रकरण असतं. नाव पुडिंग, पण गोडाशी संबंध नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तेलात ओतून ओव्हनमध्ये फुगवलेली ती एक पोकळ वाटी. जुन्या रीतीप्रमाणे ती मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढतात. पोट आधी पिठाने भरलं की महागाचं मांस पुरवून खाल्लं जातं, हा त्यामागचा हिशोब. सासूबाईंच्या घरी नाताळलाही तीच रीत आहे. म्हणजे आमच्याकडे ग्रेव्ही एकाच जेवणात दोनदा फिरते, आणि पहिल्या वर्षी मी नेमकं हेच धरलं नव्हतं.

टर्कीच्या ट्रेवर विसंबू नका

बहुतेक पाककृतींत लिहिलेलं असतं: टर्की बाहेर काढा, ट्रेमध्ये उतरलेल्या रसात मैदा घाला, पाणी घाला, झाली ग्रेव्ही. चार जणांसाठी ते बरोबर आहे. पण पक्षी मोठा घेतला म्हणून रस त्या हिशोबात वाढत नाही. साडेसहा किलोच्या टर्कीखाली ट्रे भरलेला दिसतो खरा, पण त्यातली चरबी काढून टाकली की माझ्या मापाने हाती उरतो पाव लिटर, फार तर त्याहून थोडा जास्त रस. त्याच्यावर सोळा जणांची तहान भागवायची म्हणजे पाणी वाढवायचं, आणि पाणी वाढवलं की चव पातळ. मग दाटपणासाठी मैदा वाढवायचा, मग पिठाची चव घालवायला मीठ वाढवायचं. हे सगळं शेवटच्या वीस मिनिटांत, जेव्हा बटाटे करपायला आलेले असतात आणि स्वयंपाकघरात चार जण ‘काही मदत करू का’ म्हणत उभे असतात.

मी त्या ट्रेकडे आता फोडणी म्हणून बघते. आमटी आधी शिजवून ठेवलेली असते, फोडणी वरून पडते आणि घरभर वास सुटतो. ग्रेव्हीचंही तसंच करायचं. तीन लिटर ग्रेव्ही डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी करून फ्रीजरमध्ये टाकायची. नाताळच्या दिवशी टर्कीच्या ट्रेमधला रस तिच्यात शेवटी घालायचा. टर्कीची चव येते, प्रमाणाची काळजी राहत नाही.

किती लागते?

मोठ्या माणसाला १५० मिली धरा, दहा वर्षांखालच्या पोराला १००. आमच्याकडे बारा मोठे, चार लहान: १,८०० अधिक ४००, म्हणजे २.२ लिटर. यॉर्कशायर पुडिंग आधी वाढणार असाल तर प्रत्येकी आणखी ५० मिली, म्हणजे ०.८ लिटर. झाले बरोबर तीन लिटर. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बॉक्सिंग डेला, पाय (pie, वर पेस्ट्रीचं झाकण लावून भाजलेला पदार्थ) करायला अर्धा लिटर यातूनच वेगळा काढायचा. ती तूट नाताळच्या दिवशी ट्रेमधला रस आणि शेरी पडून साधारण भरून निघते.

हा आकडा ऐकून नवरा हसला होता. पण टेबलावरचा तो होडीच्या आकाराचा सुबक जग घ्या आणि त्यात पाणी मोजून ओता. आमच्या जगात काठोकाठ ४०० मिली मावतं. पहिल्या दोघा-तिघांचाच तो.

शाकाहारी मंडळींची ग्रेव्ही यात धरलेली नाही, तिच्याबद्दल खाली लिहिते.

सामान

तीन लिटर ग्रेव्ही आणि वर अर्धा लिटर नुसतं स्टॉक, म्हणजे हाडांचं पाणी, हाताशी राहील एवढं:

- चिकन विंग्ज अडीच किलो
- मोठे कांदे ४, सालासकट चार फोडी करून
- गाजरं ४, सेलरीचे दांडे ४
- लसणाचा एक गड्डा, आडवा कापून
- तमालपत्रं ३, थाइमच्या ५-६ काड्या, चक्रीफूल २
- टोमॅटो प्युरी २ मोठे चमचे
- पाणी ५ लिटर
- मैदा १५० ग्रॅम
- ड्राय शेरी किंवा पोर्ट १५० मिली (शेवटच्या दिवसासाठी)

विंग्जच का, तर त्यांच्यात कातडी, सांधे आणि कूर्चा भरपूर, आणि मांस बेताचं. सांध्यांतलं कोलॅजन तासन् तास शिजून जिलेटिन होतं. ग्रेव्हीला जो किंचित चिकट, ओठांना लागणारा गुळगुळीतपणा येतो तो त्यामुळे. मैद्याने दाटपणा येतो, पण तो गुळगुळीतपणा येत नाही. पायाचं सूप करणाऱ्यांना हे माहीत आहेच. टर्कीबरोबर पोटात पिशवीत भरलेली मान, काळीज, पेटा मिळतो. त्यातली मान आणि पेटा स्टॉकमध्ये चालेल, काळीज मात्र नको. त्याने कडवटपणा येतो. पण टर्की आदल्या दिवशी घरी येणार असेल तर या पिशवीची वाट बघू नका, विंग्जवर भागतं.

तमालपत्राबद्दल एक बारीक गोष्ट. भारतीय दुकानातलं तीन लांब शिरांचं तमालपत्र आणि इथल्या सुपरमार्केटातलं बे लीफ ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, इथल्या पानाचा वास हिरवट आणि तिखटसर. मी एका वर्षी घरातली बिर्याणीची पानं टाकली, तर ग्रेव्हीत पुलावाचा भास व्हायला लागला. इथे इंग्लिश पान वापरा. चक्रीफूल मात्र इंग्लिश पाककृतीत नसलं तरी जरूर टाका. भाजलेल्या कांद्याबरोबर ते शिजलं की चव जास्त ‘मांसल’ लागते. दोनच, तिसरं टाकलं की कळतं.

पहिला दिवस: भाजणं

ओव्हन २२० अंश सेल्सिअसला तापवा, फॅन ओव्हन असेल तर २००. विंग्ज दोन मोठ्या ट्रेंमध्ये पसरा. दोन म्हणजे दोनच. एका ट्रेमध्ये गर्दी केली की त्यांचं पाणी सुटतं, वाफ धरते, आणि विंग्ज भाजल्या न जाता उकडतात. उकडलेल्या पांढुरक्या विंग्जची ग्रेव्ही पांढुरकीच होते, मग रंगासाठी बाटल्या शोधायची वेळ येते.

अर्ध्या तासाने उलटा. आता कांदा, गाजर, सेलरी, लसूण त्यांच्यात मिसळा आणि पुन्हा पस्तीस ते चाळीस मिनिटं. घाई इथे करायची नाही. आपण चिकन भाजतो तेव्हा जो सोनेरी रंग आला की खूश होतो, त्याच्या पुढे जायचं आहे: खजुराच्या रंगापर्यंत. कांद्याच्या कडा काळसर झाल्या तरी हरकत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत टोमॅटो प्युरी भाज्यांना चोळा. ती विटकरी रंगाची झाली पाहिजे.

विंग्ज आणि भाज्या पातेल्यात काढल्या की ट्रेच्या बुडाशी जे चिकटून राहतं ते बघा. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तशी तपकिरी खरवड असते, आणि सगळी चव तिच्यात असते. दोन्ही ट्रेंमध्ये कपभर उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि लाकडी उलथन्याने कोपऱ्यांसकट खरवडून ते पाणी पातेल्यात घाला. एखादा भाग कोळसा झाला असेल तर तेवढा सोडून द्या. तपकिरी हवं, काळं नको. काळ्याचा कडूपणा नंतर कशानेही जात नाही.

शिजवणं, गाळणं

पातेलं दहा लिटरचं लागतं. नसेल तर दोन पातेली करा. विंग्ज, भाज्या, पानं, चक्रीफूल आणि ५ लिटर गार पाणी. मीठ घालायचं नाही. का ते शेवटी येतं. उकळी आली की लगेच आच अगदी बारीक करा. एखादा बुडबुडा इथून, एखादा तिथून, एवढंच. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात फेटली जाते, स्टॉक गढूळ आणि तेलकट होतं. वर येणारा फेस पळीने काढत चला. साडेतीन तास.

घरात साडेसात लिटरचा कुकर असेल तर काम सोपं. दोन घाण्यांत करा, दर घाण्याला दोन लिटरच्या आत पाणी, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. शिट्टी आल्यावर बारीक आचेवर पाऊण तास, मग वाफ आपोआप जाऊ द्या. कुकरमध्ये पाणी आटत नाही, म्हणून पाच लिटर लागत नाही, एकूण चारच्या आत भागतं. मी बरीच वर्षं कुकरच वापरते. सासूबाईंना शिट्टीची भीती वाटते. त्या तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत बसतात.

मोठ्या चाळणीतून गाळा, आणि मग बारीक गाळणीतून पुन्हा. चाळणीतला चोथा डावाने दाबून निथळा. साडेतीन लिटरच्या आसपास हाती आलं पाहिजे. जास्त असेल तर उघडं उकळून आटवा, कमी असेल तर पाण्याने भरून काढा.

आता गार करणं, आणि यात हयगय नको. एवढं मोठं पातेलं ओट्यावर ठेवलं तर मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतं, आणि जंतूंना तेच हवं असतं. सिंकमध्ये गार पाणी आणि बर्फ भरून त्यात पातेलं उभं करा, ढवळत राहा, मग उथळ डब्यांत विभागून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. डिसेंबरात बाहेर एवढी थंडी असते की बागेत ठेवायचा मोह होतो. मी एकदा ठेवलं, झाकणावर वीटसुद्धा ठेवली. सकाळी वीट एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि गवतावर कोल्ह्याची पावलं. कोल्हापूरच्या मुलीवर कोल्ह्याने केलेला हा विनोद दिरांनी अजून सोडलेला नाही.

दुसरा दिवस: पीठ भाजणं

सकाळी डबा उघडला की वर पिवळट चरबीचा थर गोठलेला असेल, आणि खाली स्टॉक जेलीसारखं थलथलत असेल. थलथलत असेल तर काम चोख झालं. चरबी चमच्याने काढून घ्या, टाकू नका.

जाड बुडाच्या पातेल्यात त्यातली १५० ग्रॅम चरबी वितळवा (कमी भरली तर लोणी घाला) आणि १५० ग्रॅम मैदा. आता मंद आचेवर भाजायचं, बेसनाच्या लाडवांसाठी भाजतो तसं, हात न थांबवता. इंग्लिश पाककृतीत ‘एक-दोन मिनिटं’ लिहितात. मला ते पटत नाही. दहा ते बारा मिनिटं द्या. आधी घट्ट गोळा होईल, मग सैल पडेल, मग शेंगदाणे भाजल्यासारखा वास येईल आणि रंग बदामी होईल. तिथे थांबा. आणखी गडद केलं तर रंग छान येतो, पण पिठाची दाट करायची ताकद कमी होते. मग जास्त मैदा लागतो.

स्टॉक दुसरीकडे गरम करून घ्या. अर्धा लिटर बाजूला काढून ठेवा, तो अडचणीच्या वेळचा. उरलेल्या तीन लिटरमधून एक डाव भाजलेल्या पिठात घाला आणि व्हिस्कने जोरात फिरवा. लगेच घट्ट लगदा होतो, घाबरू नका. दुसरा डाव, पुन्हा फिरवा. असे पाच-सहा डाव झाल्यावर ते सैलसर आणि चकचकीत दिसतं. मग बाकीचं धारेने ओता. गुठळ्या होतात त्या सगळा स्टॉक एकदम ओतल्यामुळे.

उकळी आल्यावर वीस मिनिटं मंद उकळवा, तळाला लागू न देता. पिठाची कच्चट चव तोवर जाते. दाटपणा कढीपेक्षा थोडा जास्त, पिठल्यापेक्षा पुष्कळ कमी. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहिली पाहिजे. नाताळच्या दिवशी टर्कीचा रस मिसळून ती पातळ होणार आहे, म्हणून आत्ता जरा दाटच बरी.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर का नाही, असं मला नेहमी विचारतात. करून लगेच वाढणार असाल तर कॉर्नफ्लोअर उत्तम, पटकन होतं. पण गोठवून वितळवलं की ते पाणी सोडतं आणि स्पंजसारखं फुटतं. मैद्याची ग्रेव्हीही वितळल्यावर थोडी फुटल्यासारखी दिसते, पण गरम करून व्हिस्क फिरवला की पुन्हा एकजीव होते.

गार करून लिटर-लिटरच्या डब्यांत भरा. वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगते. आइस्क्रीमचे रिकामे डबे चांगले, पण त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पोरं व्हॅनिला समजून काढतात. बॉक्सिंग डेचा अर्धा लिटर आत्ताच वेगळ्या डब्यात भरा: एकदा वितळवून उकळलेली ग्रेव्ही पुन्हा पुन्हा गरम करणं बरं नाही. राखीव स्टॉकसुद्धा गोठवा. फ्रीजरमध्ये तीन महिने काही होत नाही.

शाकाहारी जग

आमच्याकडे नणंदेची मुलगी व्हीगन आहे, आणि जाऊबाईंना गहू चालत नाही. पहिली दोन वर्षं मी तीन वेगवेगळ्या ग्रेव्ह्या केल्या आणि वैतागले. आता दोघींची मिळून एकच, पाऊण लिटर.

तीन कांदे पातळ चिरून तेलात मंद आचेवर चाळीस मिनिटं, अगदी तपकिरी होईपर्यंत. त्यात ३०० ग्रॅम चेस्टनट मशरूम चिरून, पाणी सुटून पूर्ण आटून तळाला लागायला लागेपर्यंत परता. २० ग्रॅम सुकं पोर्चिनी मशरूम अर्धा लिटर उकळत्या पाण्यात भिजवून ठेवलेलं असेल. ते आणि त्याचं पाणी घाला, पण तळाची रेती पातेल्यात जाऊ देऊ नका. थाइम, एक तमालपत्र, चमचाभर टोमॅटो प्युरी, आणखी अर्धा लिटर पाणी. अर्धा तास शिजवा, गाळा. तांदळाचं पीठ तीन मोठे चमचे गार पाण्यात कालवून लावा आणि दहा मिनिटं उकळा. तांदळाचं पीठ गोठवल्यावरही फारसं बिघडत नाही, आणि ते आपल्या घरात असतंच.

रंग आणि खोलीसाठी लोक मार्माइट (यीस्टचा खारट, काळपट लगदा) किंवा सोया सॉस घालतात. चव मस्त येते, पण मार्माइटमध्ये बार्लीचं ग्लुटेन असतं आणि साध्या सोया सॉसमध्ये गहू. जाऊबाईंसाठी मी गव्हाविना केलेला सोया सॉस, म्हणजे तामारी घेते. वूस्टरशर सॉसमध्ये माशाची खारवलेली अँकोव्ही असते, ती व्हीगन पोरीला चालत नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका. आणि ही ग्रेव्ही वेगळ्या रंगाच्या जगमध्ये द्या, तिचा डावही वेगळा ठेवा. टेबलावर गडबड झाली की कोणता जग कुणाचा हे यजमानीणही विसरते.

२३ तारखेपासून

तेवीसच्या सकाळी डबे फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आणा. लिटरचा गोळा फ्रीजमध्ये वितळायला पूर्ण दिवस घेतो, कधी त्याहून जास्त. चोवीसला रात्री बघून घ्या. राखीव स्टॉकही काढा, बॉक्सिंग डेचा डबा मात्र तिथेच राहू दे.

पंचवीसला सकाळी टर्की ट्रेमध्ये ठेवताना खाली कांद्याच्या आणि गाजराच्या जाड चकत्या पसरा आणि मोठा पेलाभर पाणी घाला. पक्षी उचललेला राहतो आणि रस करपत नाही. मध्ये एक-दोनदा डोकावून पाणी आटलं असेल तर पुन्हा थोडं घाला. साडेसहा किलोच्या टर्कीला किलोमागे वीस मिनिटं आणि वर दीड तास, म्हणजे १८० अंशावर जवळपास पावणेचार तास लागतात. दोनला जेवायचं तर टर्की पाऊणच्या सुमारास बाहेर आली पाहिजे. तिला कापण्याआधी तासभर विसावा हवा. हाच ग्रेव्हीचा तास.

टर्की दुसऱ्या ताटात काढताना तिच्या पोटातला रसही तिरकी करून ट्रेमध्ये निथळू द्या. ट्रेमधलं सगळं पातळ एका उंच काचेच्या जगमध्ये ओता. पाच मिनिटांत चरबी वर आणि तपकिरी रस खाली असे दोन थर दिसतील. चरबी चमच्याने काढा.

रिकामा ट्रे आता शेगडीवर, दोन बर्नरवर आडवा. पातळ पत्र्याचा वापरून टाकायचा ट्रे असेल तर हे करू नका, तो वाकतो. तशा वेळी उकळतं पाणी घालून ओट्यावरच खरवडा. शेरी ओता. चर्र आवाज होईल आणि डोळ्यांत झोंबणारी वाफ येईल. ती वाफ जाईपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं, खरवडत राहा. दारू नको असेल तर तेवढाच न गोडवलेला सफरचंदाचा रस (सरबत नव्हे) आणि चमचाभर व्हिनेगर. मग जगमधला रस आणि एक लिटर ग्रेव्ही ट्रेमध्ये, एक उकळी, आणि गाळून मोठ्या पातेल्यातल्या बाकीच्या ग्रेव्हीत. विसावलेल्या टर्कीखालीही रस साठत असतो. तो विसरू नका, त्याच्याइतकं शुद्ध काही नसतं.

सगळं मिळून पाच मिनिटं खळखळून उकळा. आता चव बघा, आणि आता मीठ. आधी घातलं असतं तर फसला असता: टर्की मिठाच्या पाण्यात मुरवलेली असली, किंवा वरून बेकन लावलेलं असलं, की ट्रेमधला रस स्वतःच खारट असतो. चव सपाट वाटली तर मिठाच्या आधी दोन चमचे क्रॅनबेरी जेली आणि काही थेंब व्हिनेगर घालून बघा. बऱ्याचदा मीठ कमी नसतंच, आंबट कमी असतं.

बिघडलं तर

गुठळ्या असतील तर गाळा, लाज कसली. फार पातळ झाली तर मऊ लोणी आणि मैदा सारख्या प्रमाणात बोटांनी मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा, एकेक उकळत्या ग्रेव्हीत सोडा आणि फेटा. दाट झाली तर बटाटे उकडलेलं पाणी. खारट झाली तर सोललेला बटाटा सोडून मीठ शोषतं म्हणतात. बटाटा खारट होतो, ग्रेव्ही तशीच राहते. राखीव बिनमिठाचं स्टॉक यासाठीच ठेवलेलं आहे.

आणि एवढं करून कमी पडलीच, ऐनवेळी शेजारचे आजोबा-आजी येऊन बसले, तर तेच राखीव स्टॉक उकळून त्यात कपाटातली ग्रेव्ही ग्रॅन्यूल्स ढवळायची, पाण्याऐवजी. बिस्टोची पावडर इथे १९०८ पासून आहे. इंग्लंडातल्या पिढ्या तिच्यावर वाढल्या आहेत. सासूबाईंनी एकदा माझ्या मागे उभं राहून मला ती डबी कपाटात लपवताना पाहिलं आणि स्वतःच्या घरी ती कुठे लपवतात ते सांगितलं.

वाढणं

ग्रेव्ही गरम नसेल तर तिच्यात चरबी वर गोठते आणि सगळी मेहनत फुकट. सुबक होडीच्या आकाराचा जग तोंडाशी रुंद असतो, दहा मिनिटांत कोमट होतो. सोळा जणांना तीन जग ठेवा, दर पाच-सहा जणांत एक, म्हणजे हाक मारावी लागत नाही. जग आधी उकळत्या पाण्याने भरून ठेवा, वाढायच्या वेळी ते ओतून द्या. उरलेली ग्रेव्ही, पुन्हा उकळत्या पाण्याने तापवलेल्या, लिटरच्या थर्मासमध्ये. माझी आई एका डिसेंबरात इथे आली होती. तिने स्वतःच थर्मास हातात घेतला आणि पंगतीत फिरतात तशी टेबलाभोवती फिरली, प्रत्येकाच्या खांद्याशी थांबत, ‘घ्या की विहीणबाई’ म्हणत. मराठी कुणाला कळलं नाही, ताट पुढे मात्र सगळ्यांनी केलं.

बॉक्सिंग डे

फ्रीजरमधला अर्धा लिटर वितळवून उकळा आणि पूर्ण गार करा. उरलेली टर्की बोटभर तुकडे करून, परतलेले लीक, मूठभर मटार, आणि आवडत असेल तर त्यात चमचाभर कांदा-लसूण मसाला. माझा नवरा आता त्याशिवाय खात नाही. सगळं पाय डिशमध्ये भरून वर तयार पफ पेस्ट्री, मधोमध वाफेला एक छेद, अंड्याचा हात, आणि २०० अंशावर पस्तीस मिनिटं. ग्रेव्ही गरम असताना पेस्ट्री ठेवू नका, ती खालून वितळते आणि फुगत नाही.